बाद झालेली पणजी

रेवा, फोन स्पीकरवर असेल तर आधी काढ आणि नीट ऐक, ग्रंथालयाने आज आमची पणजी बाद केली. जुनी पुस्तकं बाद करतात ना, तशीच. मनगटावर निळा शिक्का मारला आणि मागच्या अंगणात आणून उभी केली. मी आणि बाबा तिला आणायला गेलो होतो. आत्ताच आलोय. घरात नाही गेले अजून, जिन्यात बसून बोलतेय तुझ्याशी, कारण आत जे चाललंय ते मला बघवत नाहीये.

थांब, पहिल्यापासून सांगते.

तू त्या मोठ्या ग्रंथालयात गेली आहेस, पण तळमजल्यावरच. तिथे ती स्पर्धा परीक्षेवाली मुलं पहाटे येऊन पाण्याच्या बाटल्यांनी जागा धरतात. वर नियतकालिकं, त्याच्यावर पोथ्या, आणि चौथ्या मजल्यावर पूर्वज विभाग. माणूस वारला की तिथे दाखल होतो. मग कुणाला घराण्याचा इतिहास काढायचा असला, वंशावळीतली एखादी जागा भरायची असली, की वर जायचं, मागणी चिठ्ठी द्यायची, आणि शिपाई आतून तो पूर्वज आणून समोरच्या खुर्चीत बसवतो. अर्धा तास मिळतो. घरी नेता येत नाही, ओल्या हाताने शिवायचं नाही, आणि बोलायचं ते कुजबुजत. बाकी काही त्रास नाही. बाबा वर्षातून एकदा आजोबांना मागवतात आणि दोघं अर्धा तास आमच्या सोसायटीच्या पाण्याबद्दल बोलतात.

तर मागच्या सोमवारी बाबांना मेसेज आला. प्रिय सभासद, आपल्या घराण्यातील एक स्त्री गेल्या पन्नास वर्षांत एकदाही मागवली न गेल्याने येत्या शनिवारी बाद करण्यात येत आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

बाबा नखं कापत होते. त्यांनी मेसेज वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"मोठी आई असणार," ते म्हणाले.

मोठी आई म्हणजे बाबांची आजी, माझी पणजी. बाबांची स्वतःची आई सारखी आजारी असायची, म्हणून बाबांना तिनेच वाढवलं. शिंपी आळीत आमचं दुकान होतं, वर राहायचे सगळे. ती दुपारभर काजं करायची आणि बाबा तिच्या मांडीवर डोकं ठेवून दोऱ्याची रिकामी रिळं रचायचे. बाबा सहा वर्षांचे असताना ती गेली. आणि गंमत म्हणजे, गंमत नाही, पण तू समजून घे, बाबांना तिचं सगळं आठवतं. लुगड्याचा वास आठवतो, दोरा दातांनी तोडल्याचा आवाज आठवतो. फक्त चेहरा आठवत नाही.

फोटो नाही का, तू विचारशील. एक आहे. दुकानाला नवीन पाटी लावली तेव्हाचा. सगळे पुरुष खुर्च्यांवर बसलेत, आणि मागे दाराचा पडदा कुणीतरी धरून ठेवलाय. तो हात मोठ्या आईचा. कोपरापर्यंत दिसतो.

"मग इतक्या वर्षांत मागवलं का नाही तुम्ही तिला?" मी विचारलं.

"अगं, ती आहे तिथे असंच वाटायचं," बाबा म्हणाले. "जाणार कुठे? सवडीने बोलावू म्हटलं. घाईत उरकायची नाहीत, सवड काढूनच बोलवायची अशी काही माणसं असतात ना, तशी ती."

मंगळवारी ऑफिसला दांडी मारून मी बाबांबरोबर गेले. चौथ्या मजल्यावर हेर्लेकर मॅडम म्हणून आहेत, विभागप्रमुख. स्वभावाने वाईट नाहीत. बसा म्हणाल्या, पंखा आमच्याकडे वळवला.

"नाव?"

"लक्ष्मीबाई रामचंद्र बगाडे."

"हे सासरचं झालं. सासरची नावं आमच्याकडे धरत नाहीत. बारशाला आत्याने कानात सांगितलेलं पहिलं नाव लागतं. कपाट घराण्याचं, पण त्यात बायकांची सगळी मांडणी त्याच नावाने आहे."

"का पण?" मी म्हटलं.

"दाखल होताना माणसाचं मूळ नाव घ्यायचं असा नियम आहे. लग्नात बदललेलं नाव म्हणजे आमच्या दृष्टीने टोपणनाव. एकदा टोपणनावं घ्यायला लागलो तर पुरुषांचीही घ्यावी लागतील, मग नुसते अण्णाच किती होतील बघा."

बाबा मान हलवत होते. त्यांना कुठल्याही कार्यालयातलं सगळं पटतं.

"मॅडम, तुमच्याकडे तिचं ते नाव आहे ना?"

"आहे की."

"मग सांगा ना. आम्ही चिठ्ठीवर तेच टाकतो."

"तसं नाही सांगता येत. नाव माहीत असणं हाच नात्याचा पुरावा. उद्या कुणीही येईल आणि कुणाचीही पणजी मागेल."

"बरोबर आहे त्यांचं," बाबा म्हणाले.

मी बाबांना टेबलाखालून पायाने ढोसलं. मॅडम चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला रबर लावत होत्या.

"पुरुषांना नाही येत ही अडचण?" मी विचारलं.

"त्यांचं नाव कोण बदलतंय?" त्या म्हणाल्या. टोमणा वगैरे नव्हता, साधं उत्तर होतं. "म्हणूनच दरवर्षी बाद होतात त्या बहुतेक बायकाच. आम्हालाही बरं वाटत नाही. पण जागा बघा किती आहे. आणि लोक मरायचे थांबत नाहीत."

आजोबांना मागवायची यंदाची पाळी होऊन गेली होती, मग बाबांना एक युक्ती सुचली. पणजोबांना मागवायचं आणि त्यांनाच विचारायचं. नवऱ्याला बायकोचं माहेरचं नाव माहीत नसेल असं कसं होईल? रामचंद्र धोंडिबा बगाडे. चिठ्ठी दिली आणि दोन मिनिटांत हजर. टोपी, उपरणं, कानाला अडकवलेला खडू. पण रेवा, काय अवस्था झालीये त्यांची. दुकानाच्या जागेवरून बाबांच्या चुलतभावांची भांडणं झाली ना, तेव्हा सगळ्यांनी आळीपाळीने मागवून मागवून त्यांना पार झिजवून टाकलंय. कडा उडाल्यात. बोलताना मधले शब्द गळतात, कॅसेट घासायची तसे. मॅडम म्हणाल्या, जपून वापरा, फार हाताळलेत.

पणजोबांनी बाबांकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, शर्टाकडे. हात पुढे करून खांद्याची शिवण चिमटीत धरली.

"खांदा उतरलाय. कुणी शिवला?"

"रेडिमेड आहे, आजोबा."

"म्हणजे कुणी?"

बाबा कॉलर मागे ओढून लेबल शोधायला लागले. मग मीच म्हटलं, "पणजोबा, पणजीचं माहेरचं नाव काय होतं?"

"लक्ष्मी."

"ते तुम्ही ठेवलेलं. त्याच्या आधीचं?"

"आधीचं मला काय करायचं होतं? मांडवात ताटात तांदूळ पसरले, अंगठीने लक्ष्मी लिहिलं. आमच्या आईने सांगितलं होतं, लक्ष्मी लिही. लिहिलं. मग त्याच तांदळाचा भात केला."

"पण एवढी वर्षं संसार केलात. एकदाही विचारलं नाहीत?"

"लक्ष्मीसुद्धा म्हटलं नाही कधी. नावाने हाक मारायची पद्धत होती का तेव्हा? अगं म्हटलं की यायची."

"आणि नाही आली तर?"

"परत अगं म्हणायचो."

मी बाबांकडे बघितलं. बाबा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. घंटा झाली, शिपाई आला. पणजोबा उठले, दोन पावलं गेले आणि वळले.

"मागवताय का तिला? भेटली तर सांगा, मी," एवढं म्हणाले आणि पुढचं आलंच नाही. ओठ हलत होते, पण ते वाक्य झिजलेलं होतं. आम्ही थांबलो थोडा वेळ. मग शिपाई त्यांना घेऊन गेला.

घरी येऊन बाबांनी आक्काआत्याला फोन लावला. आक्काआत्या म्हणजे मोठ्या आईची सख्खी मुलगी, बाबांची आत्या. नव्वदीला टेकलीये, बारामतीला असते, पण कान आणि जीभ अजून तिखट आहेत.

"आक्का, तुझ्या आईचं माहेरचं नाव काय गं?"

"आईला कशाला नाव?" आक्काआत्या म्हणाली. "आई म्हटलं की आईच यायची, दुसरी कुणी यायची नाही."

"अगं पण तुझे मामा तिला काय म्हणायचे?"

"ताई."

"आणि आजोळी गेलात की तुझी आजी?"

"ती म्हणायची, आली का गं बाय माझी." मग आक्काआत्यानेच उलट बाबांना विचारलं, "अरव्या, खरंच रे, तिला काय बरं म्हणत असतील लहानपणी? मला कधी सुचलंच नाही विचारायचं. आता मी तिच्यापेक्षा म्हातारी झाले आणि मला तिचं नाव माहीत नाही." आणि एकदम रागावून, "तू मला या वयात असलं काहीतरी विचारून झोप घालवू नकोस," असं म्हणून फोन ठेवला.

माझी आई हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत होती. मी पाणी प्यायला गेले तर कणीक मळता मळता म्हणाली, "शकुंतला."

"काय?"

"माझं. तुझ्या बाबांनी स्मिता केलं. मी शकुंतला होते. ध्यानात ठेव."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं मी ते नाव, रेवा. मी एकदा म्हणून बघितलं, शकुंतला. आईने चटकन वर बघितलं, असं बघितलं की मला परत म्हणायचा धीर झाला नाही.

बुधवार-गुरुवार असेच गेले. बाबा कुणाकुणाला फोन करत होते, मोठ्या आईच्या माहेरच्या गावाचा शोध लावत होते. जेजुरीच्या पुढे कुठेतरी, एवढंच सगळ्यांना माहीत. शुक्रवारी परत गेलो. हेर्लेकर मॅडम म्हणाल्या, एक सवलत आहे. अंदाजाने मागणी करता येते, पण एकदाच. नाव चुकलं तर जी येईल ती येईल, तक्रार चालणार नाही. एक मात्र आहे, जी येईल ती मागवली गेली असं धरलं जातं, म्हणजे तिची पुढच्या पन्नास वर्षांची काळजी मिटली.

बाबांनी खूप विचार केला. चिठ्ठीवर गोदावरी लिहिलं.

"का गोदावरी?" मी म्हटलं.

"त्या काळात प्रत्येक घरात एक तरी गोदावरी असायचीच."

आली ती एक मुलगी होती. खरंच मुलगी, माझ्याहून लहान, एकोणीसची असेल. बाळंतपणात गेलेली. ती आली आणि बाबांकडे बघून पदर सावरून बसली, आणि बाबा एकदम उभे राहिले. त्यांना कळलं लगेच. कुणाला तरी भेटायला जावं आणि दार भलत्यानेच उघडावं ना, तसा त्यांचा चेहरा झाला. पण बाबा सभ्य आहेत. परत बसले.

"माफ करा ताई, आमचा अंदाज चुकला," बाबा म्हणाले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस एकोणीस वर्षांच्या पोरीला ताई म्हणतोय. "तुम्हीही बगाडेच का?"

"हो. पण आम्ही सासवडचे." मग तिने हळूच विचारलं, "मला कुणी मागवलं?"

"मी. चुकून."

"चुकून का होईना," ती म्हणाली. "माझं नाव घेऊन शिपाई आला, तर मला वाटलं दुसऱ्या कुणाला तरी बोलावतोय."

बाबांनी मग तिला विचारलं की आत बगाडे बायका कुठे असतात, त्यांत एक शिंपी आळीतली आहे, तिला ओळखता का?

"माझ्या शेजारची बगाड्यांचीच आहे. पण कुठल्या आळीची ते नाही माहीत."

"किती वर्षं शेजारी आहात?"

"मी आधीपासून. ती नंतर आली. पुष्कळ वर्षं झाली."

"मग कधी बोलला नाहीत?"

तिने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. शांतता राखा. "आत तर फार कडक आहे," ती म्हणाली.

"दिसते कशी?" बाबांनी विचारलं. रेवा, बाबा खुर्चीत पुढे सरकले होते. "एवढंच सांगा, दिसते कशी ती?"

"आत अंधार असतो. दिवा आहे, पण तो माणूस आल्यावर आपोआप लागतो तसला आहे." तिला वाईट वाटलं हे सांगताना. "आम्हाला नाही लागत तो."

बाबांनी मान हलवली. अजून वीस मिनिटं उरली होती, आणि ती मुलगी उठायचं नाव घेत नव्हती, उजेडाकडे बघत बसली होती. मग बाबांनी तिला तिच्या सासवडची हकीकत विचारली, आणि ती सांगत राहिली. अंजिराची झाडं, विहीर, धाकटा दीर. बाबा प्रत्येक वाक्याला हं हं म्हणत होते. पण त्यांचं लक्ष त्या आतल्या दाराकडे होतं. त्या दाराच्या पलीकडे चार हातांवर कुठेतरी ती बसलेली होती आणि आम्हाला आत जायची परवानगी नव्हती.

निघताना मॅडम म्हणाल्या, "उद्या मागच्या अंगणात या. बाद झालेल्यांना तिथे उभं करतो. तिथे नाव लागत नाही, कारण त्या आता ग्रंथालयाच्या राहिलेल्या नसतात. एका कार्डावर एक, कुणीही न्या. पाच वाजता ट्रक येतो."

"ट्रक कुठे नेतो?"

"ते कंत्राटदाराकडे आहे," मॅडम म्हणाल्या.

आज दुपारी जेवून गेलो. ते अंगण म्हणजे स्टाफच्या दुचाक्या लावतात ती जागा. स्कूटरींच्या मधे, सायकल स्टँडपाशी, भिंतीच्या कडेने, सगळीकडे बायका. नऊवारी, जरा नंतरच्या सहावारी, कपाळं काही कुंकवाची, पुष्कळशी मोकळी. मनगटावर बाद. किती होत्या मी मोजल्या नाहीत, मोजवत नव्हतं. आणि आवाज शून्य. ग्रंथालयाच्या फाटकापर्यंत शांततेचा नियम लागू आहे, त्यामुळे त्यांच्यातली कुणी आपण कोण ते सांगू शकत नव्हती, आणि आम्ही आपसात कुजबुजलेलं चालत होतं, पण त्यांना विचारायची परवानगी नव्हती. नुसतं बघायचं आणि निवडायचं.

लोक आलेले बरेच. एक जोडपं होतं, दोघंही नोकरीवाले वाटत होते, ते कुजबुजत होते की घरात कुणीतरी मोठं माणूस असलेलं बरं, पण आपल्या लिफ्टला घाबरणारी नको. एक काका प्रत्येकीचे पाय बघत होते. नंतर कळलं, त्यांच्या आजीला डाव्या पायाला सहा बोटं होती. त्यांना सापडली. ते तिथेच खाली बसले त्या पायापाशी, आणि ती बाई वरून त्यांच्या टकलावर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं आता आपलंही होईल.

बाबांकडे काय होतं? तो फोटो. मोबाइलवर मोठा करून फक्त कोपर. तो कोपर घेऊन बाबा रांगेतून चालले होते, एकेका बाईच्या हाताशी धरून बघत होते, मग चेहऱ्याकडे बघत होते. मी मागे. सगळ्यांचे कोपर सारखेच असतात, रेवा, तू कधी बघितलंस का? साडेतीन वाजले, चार वाजले. बाबांचा चेहरा असा होत गेला की मला बघवेना. दुसऱ्या फेरीत तर ते फोटो बघायचेही थांबले. नुसते समोर उभे राहायचे, थोडा वेळ, लहान मूल शाळा सुटल्यावर फाटकाशी उभं राहतं तसे, की मी ओळखत नसलो तरी तू ओळखशील.

आणि ट्रक आला. लवकरच आला. ट्रकची मागची फळी खाली पडल्याचा आवाज झाला, तेव्हा एका बाईने बाबांचा हात धरला.

ठेंगणीशी, गोरी, पांढरं लुगडं. बाबा वळले. तिने धरलेला हात सोडला नाही.

"मोठी आई?" बाबा इतक्या हळू म्हणाले की नियम मोडला असं कुणी म्हणणार नाही.

तिने मान हलवली. हो अशी.

बाबा रडले नाहीत. ते हसले, रेवा. मी तसं हसताना त्यांना कधी बघितलं नाही. तोंड पूर्ण उघडं, आवाज नाही, कारण नियम. मी कार्ड दाखवलं, फाटकावरच्या माणसाने कार्डाचा कोपरा कापला, म्हणाला झालं, एक गेलं. बाहेर रिक्षा मिळाली. ती मधे, बाबा एका बाजूला, मी एका बाजूला. वजनच नाही काही, आणि डांबरगोळ्यांचा वास.

बाबा सुरू झाले. सगळं सांगायला लागले. मॅट्रिकला गणितात किती पडले, नोकरी कशी लागली, आजोबा शेवटी कसे गेले, शिंपी आळी आता कशी ओळखू येत नाही. मधेच, "तुला आठवतं का, मी रिळं रचायचो?" आणि ती म्हणायची, "हो रे बाळा." प्रत्येकाला हो रे बाळा. आवाज चांगला होता तिचा.

मग कोपऱ्यावर सीताफळाची गाडी दिसली. बाबांनी रिक्षा थांबवली. "मोठ्या आईला आवडतात," म्हणाले आणि उतरून गेले, चाचपून चाचपून निवडत बसले.

तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"पोरी, मी तुमची नव्हे," ती म्हणाली. "मी मिरजेची. पेटकर म्हणून होते. मला तो ट्रक दिसत होता गं. आणि हा माझ्यासमोर फार वेळ उभा राहिला. इतका वेळ माझ्यासमोर कुणी उभं राहिलं नव्हतं."

मी गाडीकडे बघितलं, बाबा अजून सीताफळं दाबून बघत होते.

"सांगायचं तर सांग त्याला," ती म्हणाली. "मी परत जाईन. मला सवय आहे." आणि मांडीवरचा पदर सारखा करत बसली.

आणि मग, रेवा, मला ती दुसरी आठवली. तुला मगाशी मी तिच्याबद्दल काही सांगितलं नाही, कारण तेव्हा मलाच ती महत्त्वाची वाटली नव्हती. पाण्याच्या टाकीपाशी एक काळीसावळी, उंच बाई होती. सगळ्याजणी येणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, ही एकटी खाली बघत होती. लोकांच्या कमरेच्या खाली, गुडघ्यांपाशी. मला वाटलं, लाजत असेल, नाहीतर डोक्यावर परिणाम झाला असेल. त्या नोकरीवाल्या जोडप्याबरोबर त्यांचा लहान मुलगा होता, पहिली-दुसरीतला. तो जवळून गेला तर ती पटकन वाकली, त्याची हनुवटी वर करून नीट बघितलं, आणि सोडून दिलं. परत खाली बघायला लागली, दुसरीकडे. बाबा तिच्यासमोरून दोनदा गेले. तिने बाबांच्या चपला बघितल्या आणि त्यांच्या मागे कुणी आहे का ते बघितलं.

ती सहा वर्षांच्या मुलाला शोधत होती.

मी घड्याळ बघितलं. पाचला अजून वेळ होता. रिक्षा वळवली असती तर दहा मिनिटांत पोचलो असतो, ट्रक भरायलाही वेळ लागतोच की. पण कार्डाचा कोपरा कापलेला. एका कार्डावर एक. म्हणजे हिला परत त्या अंगणात उभं करायचं, बाबांच्या देखत, आणि बाबांना तिकडे टाकीपाशी न्यायचं. आणि माझा अंदाज चुकला असता तर? ती तिसऱ्याच कुणाची निघाली असती तर? मला तरी काय माहीत, मी कुठे बघितलंय तिला?

बाबा आले. सीताफळं कागदात बांधलेली, पण एक हातात उघडंच. बसल्या बसल्या त्यांनी त्यातल्या बिया काढायला घेतल्या, एकेक, आणि गर तिच्या तोंडापाशी धरला. तिने खाल्ला. माझ्याकडे बघत खाल्ला.

"गोड आहे?" बाबांनी विचारलं.

"हो रे बाळा."

रिक्षावाल्याने आरशात बघितलं. "सरळच घेऊ ना, ताई?"

बाबांना ऐकूच गेलं नाही. ते दुसरी बी काढत होते. मी म्हटलं, घ्या सरळ.

आता इथून उघड्या दारातून दिसतंय, आत बाबांनी तिला दिवाणावर बसवलंय आणि आक्काआत्याला फोन लावतायत, ये म्हणून सांगतायत, तुझी आई आणलीये. आक्काआत्या उद्या सकाळच्या बसने निघेल. आणि ट्रक गेला असेल आता. मी सारखी तेच करतेय, रिक्षावाल्याचं ते सरळच घेऊ ना परत परत ऐकतेय. तू सांग, रेवा, खरं सांग, माझ्या जागी तू बसली असतीस, तर काय सांगितलं असतंस त्याला?